चार नंबरचं टेबल

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला जे आले होते त्यांना प्रश्नमंजूषा आठवत असेल. म्हणजे जितकी झाली तितकी. सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप आणि चार-चार मुलं, समोर पडद्यावर गुणांचा मोठा तक्ता. तिसऱ्या प्रश्नाला तो तक्ता एकदम पांढुरका पडला आणि वर इंग्रजी अक्षरं आली, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कोणी माउस दहादा दाबून पाहिला, कोणी मागून "रीस्टार्ट करा" म्हणून ओरडलं. पुढचे प्रश्न मी कागदावरून विचारले, मुलांनी हात वर करून उत्तरं दिली, आणि मसालेभाताचा वास यायला लागल्यावर मंडळी उठलीच. जेवणं मात्र वेळेवर झाली.

तो तिसरा प्रश्न होता, 'पावनखिंडीचं आधीचं नाव काय?' चार नंबरच्या टेबलावर नऊ वर्षांचा एक मुलगा होता. रविवारच्या मराठी शाळेत तो माझ्याच वर्गात आहे. त्याला मराठी समजतं सगळं, पण बोलताना तो आधी मनात वाक्य जुळवतो, आणि ते जुळेपर्यंत दुसऱ्या कोणी तरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं. बटण असलं की वाक्य नंतर जुळवता येतं, आधी नुसतं दाबायचं. घोडखिंड त्याला येत होतं, कारण आदल्याच रविवारी त्याने ते वहीत लिहिलं होतं. त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. शेजारचा मुलगा म्हणाला, तू दाबलंच नाहीस. हा म्हणाला, दाबलंय. मग पडदा पांढरा झाला आणि तो विषय मोठ्यांच्या हातात गेला.

त्यानंतर जानेवारीपर्यंत त्या मुलाने वर्गात एकदाही हात वर केला नाही. बाकी कोणाला ते दिसलं नसेल, पण सात वर्षं फळ्यासमोर काढलेल्या बाईला ते दिसतंच.

आता थोडं त्या कार्यक्रमाबद्दल. दिवाळीचा कार्यक्रम आणि संगणकाचा कार्यक्रम यांत घोटाळा होतो, म्हणून पुढे मी सरळ 'प्रोग्रॅम' म्हणणार आहे. मंडळातल्या एका हौशी काकांनी तो काही वर्षांपूर्वी पायथनमध्ये लिहिला आणि मग ते दुसऱ्या राज्यात राहायला गेले. त्यांच्या वेळी एकेका टेबलाला आळीपाळीने प्रश्न विचारायची पद्धत होती, आणि त्या पद्धतीला तो अगदी बरोबर होता. गेल्या वर्षी समितीने ठरवलं की आळीपाळी नको, जो आधी बटण दाबेल त्याला संधी. नियम बदलला, प्रोग्रॅम तोच राहिला.

डिसेंबरात इथे ओहायोत साडेपाचलाच अंधार होतो. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात, आणि एच-४ व्हिसावर मला नोकरीची परवानगी नाही. काही जणांच्या जोडीदारांना २०१५ पासून तशी परवानगी मिळू लागली आहे, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर अजून तिथवर पोचलेला नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सासरे विचारतात, "काय गं, मग दिवसभर करतेस काय?" विचारण्यात खवटपणा नसतो, खरंच कुतूहल असतं. त्या डिसेंबरात मी एकदा सांगितलं, "बाबा, एक प्रोग्रॅम खोळंबतोय, तो का खोळंबतो ते बघतेय." ते म्हणाले, "बघ बघ. आमच्या इथे पेन्शनच्या ऑफिसातला पण बघ जमलं तर."

माझं शिक्षण डी.एड. आणि मग नोकरी करता करता बाहेरून एम.ए., मराठी विषय घेऊन. संगणकाशी संबंध ऑनलाइन माहिती भरण्यापुरता. पण इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर पायथनचे धडे फुकट मिळतात, आणि वाचून समजून घेणं हा माझा धंदाच आहे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "थ्रेड टाक," आणि मीटिंगला गेला. सुईदोरा हवाय का असं विचारायची वेळ आली होती. तेव्हा प्रोग्रॅम स्वतःच ओळीनं ओळ वाचायला घेतला.

तुमच्या संगणकावर जी खिडकी दिसते, तिच्यामागे एकच कारकून बसलेला असतो. माउस हलला, बटण दाबलं गेलं, खिडकी झाकली होती ती उघडली, तर परत रंगवायची, ही सगळी कामं त्याच्याकडे एकामागून एक येतात आणि तो एकामागून एक उरकतो. प्रत्येक काम क्षणार्धाचं असतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं एकदम चाललंय. या कारकुनाला तुम्ही "जरा पोस्टात जाऊन पत्र येईपर्यंत थांब" म्हणालात, तर तो जातो आणि थांबतो. पत्र येईपर्यंत खिडकीवर कोणी नाही. खिडकीने पाच सेकंद काहीच दाद दिली नाही की विंडोज ठरवतं की हा गेला कामातून, आणि त्या जागी पांढुरकी नक्कल उभी करून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. प्रोग्रॅम मेलेला नसतो, तो पोस्टात उभा असतो.

दोन संगणक एकमेकांशी बोलतात त्या टोकाला सॉकेट म्हणतात. बर्कलीच्या विद्यापीठात १९८३ साली जी युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली तिच्यातून ही पद्धत आली, आणि तिचा मुळातला स्वभाव वाट बघण्याचा आहे. सॉकेटला "आलेला मजकूर दे" म्हणून सांगितलं आणि मजकूर आलेला नसला, तर तो "नाही आला" असं सांगत नाही, येईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवतो. इंग्रजीत याला ब्लॉकिंग म्हणतात. मराठीत त्याला केव्हापासून नेमका शब्द आहे: खोळंबा. आपण नुसते थांबत नाही, दुसऱ्या कोणापायी थांबतो, हे त्या शब्दातच आहे. एम.ए.चा काही तरी उपयोग व्हावा म्हणून सांगितलं.

जुना प्रोग्रॅम काय करत होता ते आता दिसायला लागलं. प्रश्न सुरू झाला की तो पहिल्या टेबलाच्या सॉकेटशी जाऊन उभा राहायचा. पहिल्याने बटण दाबलं की दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. त्या दिवशी एक नंबरच्या टेबलाला पावनखिंड येत नव्हती. त्यांनी बटण दाबलं नाही, आणि प्रोग्रॅम त्यांच्याशीच उभा राहिला.

हे वाचताना मला आमची शाळा आठवली. पाटण तालुक्यातली, डोंगरातली द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, मिळून सदतीस मुलं. गुरुजी मीटिंगला केंद्रशाळेत गेले की चारही वर्ग माझे. ज्यांनी अशी शाळा चालवलेली नाही त्यांना वाटतं, बाई एका वर्गाला शिकवतात तोवर बाकीचे दंगा करत असतील. तसं करून भागतच नाही. चौथीला गणितं घालायची, तिसरीला शुद्धलेखन, दुसरीला पाढे, पहिलीला पाटीवर 'ग म भ न'. आणि सांगायचं, ज्याचं झालं त्याने पाटी वर करायची. मग बाईंनी मध्ये उभं राहायचं आणि नजर फिरवायची. कोणाची पाटी वर? त्याच्याकडे जायचं, तपासायचं, पुढचं काम द्यायचं, परत मध्ये यायचं. पहिलीतलं एखादं पोर 'न' गिरवत असेल तर त्याच्याशेजारी तो पुरा होईपर्यंत उभं राहायचं नाही, कारण तेवढ्यात छत्तीस पोरं वाऱ्यावर. त्याचा 'न' त्याच्या गतीने होऊ दे. झाला की तो पाटी वर करेलच.

सॉकेटसाठी हुबेहूब अशीच सोय आहे, आणि ती सुद्धा त्याच १९८३ च्या आवृत्तीतली, माझ्या जन्माच्याही आधीची. तिचं नाव सिलेक्ट. सगळ्या सॉकेटांची यादी तिच्या हातात द्यायची आणि विचारायचं, यातल्या कोणाकोणाची पाटी वर आहे? ज्यांच्याकडे खरोखर काही आलंय तेवढ्यांचीच नावं ती परत देते. त्यांच्याकडे गेलं की खोळंबा होत नाही, कारण तिथे मजकूर येऊन पडलेलाच असतो. किती वेळ वाट बघायची तेही सांगता येतं, दशांश सेकंद म्हटलं तर तेवढाच.

पण त्याआधी मला एक गोष्ट नक्की करायची होती. त्या दिवशी चार नंबरच्या टेबलाचं बटण पोचलं होतं की नव्हतं? जानेवारीत एका शनिवारी चार जुने लॅपटॉप डायनिंग टेबलावर मांडले, जुना प्रोग्रॅम होता तसाच चालू केला, आणि मुलीला चौथ्या लॅपटॉपशी बसवलं. प्रश्न सुरू. तिने बटण दाबलं, खिडकी थिजलेली. मग मी एक नंबरचं बटण दाबलं, दोन नंबरचं, तीन नंबरचं. तीनचं दाबल्याबरोबर खिडकी जिवंत झाली आणि तिच्यावर चार नंबरची नोंदही उमटली. मुलीने हात मागे घेऊन मला दाखवले, "आई, मी परत नाही हं दाबलं."

म्हणजे बटण पोचलं होतं. मजकूर आला की आधी संगणक तो स्वतःकडे, त्या त्या सॉकेटच्या नावाच्या कप्प्यात ठेवून घेतो. प्रोग्रॅम तिथे बघायला येवो न येवो, तो तिथे पडून राहतो. चार नंबरच्या कप्प्यात त्या मुलाचं बटण दोनदा येऊन पडलं होतं, आणि कोणी तरी माउस आपटून प्रोग्रॅम बंद केला तेव्हा ते कप्प्यासकट गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मधल्या सुट्टीत मी त्याला सांगितलं, "त्या दिवशी तुझं बटण पोचलं होतं बरं का. मी तपासून पाहिलं." तो केळं खात होता. "आय नो," म्हणाला. मग जरा वेळाने मराठीत, "पण कुठे गेलं?" त्याला कप्पे काढून दाखवले वहीच्या मागच्या पानावर. त्याने चौथ्या कप्प्यात दोन टिंबं काढली.

मग मी प्रोग्रॅम नव्याने लिहायला बसले. ज्यांचा हा पोटापाण्याचाच धंदा आहे ते वाचक म्हणतील, एवढं काय त्यात, क्यूटी वापरा, मजकूर आला की तीच तुम्हाला हाक मारते; किंवा सी शार्पमध्ये असिंक लिहा. खरं आहे. पण माझ्या हातात काकांचा पायथन होता आणि त्याची साधी खिडकी होती, आणि मला नुसतं चालायला नको होतं, कळायलाही हवं होतं.

सगळ्यात आधी जो उपाय सुचतो तो म्हणजे प्रत्येक टेबलाशी थोडाच वेळ थांबायचं, समजा दशांश सेकंद, आणि पुढे जायचं. करून पाहिला. सहा टेबलं म्हणजे एका फेरीला सहा दशांश सेकंद. खिडकी पांढरी पडत नाही, पण लंगडते. माउस नेला तर बटणाचा रंग मागाहून बदलतो, गुणांचा आकडा अडखळत येतो. आजारी माणूस उठून बसला, चालायला लागला नाही, असं काहीसं.

तेव्हा नवऱ्याच्या 'थ्रेड टाक'चा अर्थ लागला. थ्रेड म्हणजे दुसरा कारकून. खिडकीवरच्या कारकुनाने खिडकी सोडायचीच नाही. नेटवर्कसाठी वेगळा माणूस नेमायचा, त्याने सिलेक्ट घेऊन सहा टेबलांच्या मध्ये उभं राहायचं. प्रत्येक टेबलाला एकेक कारकून देणारेही असतात, सहा टेबलांना ते चालूनही जातं, पण सदतीस मुलांना एक बाई पुरते हे मी पाहिलेलं आहे. सहा टेबलांना सहा शिक्षक मागायला माझं मन धजेना.

दोन माणसं आली की मात्र एक नियम पाळावा लागतो, आणि पुस्तकात तो ठळक अक्षरांत होता: खिडकीला हात फक्त पहिल्या कारकुनाने लावायचा. नेटवर्कवाल्याला टेबलाचं बटण आलेलं कळलं तरी त्याने परस्पर तक्त्यावर गुण लिहायचे नाहीत. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर कधी काही होत नाही, कधी अर्धवट रंगतं, कधी प्रोग्रॅम कोसळतो. आणि नेमकं केव्हा ते सांगता येत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. आमच्या गुरुजींचाही हाच नियम होता. हजेरीपटावर एकाच हाताचं अक्षर. पहिली-दुसरीची हजेरी मी चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायची, गुरुजी सवडीने डबा उघडून एकेक चिठ्ठी पटावर चढवायचे. तेव्हा मला तो हट्टीपणा वाटायचा. पायथनमध्ये त्या डब्याला क्यू म्हणतात. नेटवर्कवाला डब्यात चिठ्ठी टाकून लगेच आपल्या जागी जातो. खिडकीवाला दर पन्नास मिलिसेकंदांनी डबा उघडून बघतो, असतील तेवढ्या चिठ्ठ्या चढवतो, नसल्या तर झाकण लावून पुन्हा कामाला. डबा रिकामा असला तर तो भरेपर्यंत तिथे उभं राहायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं, नाही तर सगळी मेहनत परत पोस्टात.

आता खिडकी थिजेना. पण माझ्यातल्या बाईचं समाधान होईना. दोन टेबलांनी जवळजवळ एकदमच दाबलं तर? सिलेक्ट नावं परत देते ती मी दिलेल्या यादीच्या क्रमाने, म्हणजे एकदम आलेल्यांत एक नंबर आधी आणि चार नंबर मागून. वर्गात पहिल्या बाकावरच्यांचे हात आधी दिसतात तसंच. शिवाय एखाद्या टेबलाचा लॅपटॉप राउटरपासून लांब, भिंतीआड असला की त्याचा मजकूर उशिरा पोचतो. त्यात त्या मुलांचा काय दोष?

म्हणून आता वेळ टेबलावरचा लॅपटॉपच मोजतो. प्रश्न त्याच्या पडद्यावर दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, तेवढा आकडा तो पाठवतो. घड्याळात किती वाजले ते पाठवत नाही, कारण सहा लॅपटॉपांची सहा घड्याळं जुळवत कोण बसणार. पायथनकडे नुसतं अंतर मोजणारं वेगळं घड्याळ असतं, ते वापरलं. पहिलं बटण आलं की माझा प्रोग्रॅम अर्धा सेकंद निकाल देत नाही. तेवढ्यात मागून येणारे येऊन पोचतात, मग सगळ्यांत लहान आकडा त्याची संधी. हा अर्धा सेकंदही नुसतं झोपून काढायचा नाही, खिडकीला "अर्ध्या सेकंदाने मला हाक मार" असं सांगून ठेवायचं.

मराठी टाइप करून द्यायच्या उत्तरांनी वेगळीच गंमत दाखवली. टीसीपी, म्हणजे संगणक ज्या ठरलेल्या रीतीने एकमेकांशी बोलतात ती रीत, नळाच्या पाण्यासारखी आहे. आधी पाठवलेलं आधी येतं, गळत नाही, हे तिचं वचन. पण तुम्ही तीन तांबे ओतले म्हणून पलीकडे तीन तांबेच मिळतील असं नाही. अर्धा मिळेल, अडीच मिळतील. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे ते निदान मधोमध तुटत नाही. आपल्या देवनागरीला यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. मी मुद्दाम एका वेळी चारच बाइट घ्यायला लावून पाहिलं, आणि पहिल्याच घासाला 'स' येऊन त्याच्या मागचा हलन्त मोडला. पायथनने तक्रार करून काम थांबवलं. उपाय सोपा आहे. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ओळ संपल्याची खूण पाठवायची, ती दिसेपर्यंत आलेले बाइट साठवत राहायचं आणि ओळ पुरी झाल्यावरच त्यांची अक्षरं करायची. ती खूण देवनागरी चिन्हाच्या पोटात कधीच सापडत नाही, तशी रचनाच यूटीएफ-८ ची आहे. एका 'स्त्री'पायी एक संध्याकाळ गेली, पण शुद्धलेखनाच्या बाईला ती वाया गेली असं वाटलं नाही.

आणखी एक त्रास म्हणजे न सांगता निघून जाणारे. पलीकडच्याने प्रोग्रॅम नीट बंद केला तर सॉकेट तसं कळवतो. पण लॅपटॉप झोपला, बॅटरी संपली, कोणी राउटरची वायर पायात अडकवली, तर कोणी कोणाला काही सांगत नाही. टीसीपीला "तो आहे का बघ" म्हणून सांगून ठेवता येतं, पण नेमात ती वाट साधारणपणे दोन तासांची धरलेली आहे. दोन तासांत आपला अख्खा कार्यक्रम, जेवणासकट, होऊन जातो. तेव्हा दर तीन सेकंदांनी प्रत्येक लॅपटॉप 'हजर' एवढा एकच शब्द पाठवतो. तीनदा आला नाही की तक्त्यावर त्या टेबलाचा रंग हिरव्याचा राखाडी. हा रंग मी मुद्दाम मोठ्या पडद्यावर ठेवला आहे, मुलांना दिसेल असा. आपला नंबर हिरवा आहे हे बघूनच निम्मी मुलं खुर्चीत नीट बसतात.

मार्चमध्ये पाडव्याच्या कार्यक्रमात याची पहिली खरी फेरी झाली. हॉलच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर एकही लॅपटॉप दुसऱ्याला दिसेना. अशा ठिकाणी बहुतेक वेळा ही आडभिंत मुद्दाम घातलेली असते, अनोळखी माणसांनी एकमेकांच्या संगणकात डोकावू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आम्ही घरचा जुना राउटर नेलाच होता. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त वीज. मग विंडोजच्या फायरवॉलने नव्या नेटवर्कला 'सार्वजनिक' ठरवून दारं लावून घेतली. ती उघडेपर्यंत गुढीची पूजा आटोपली. त्यानंतर वीस प्रश्न झाले. दोन लॅपटॉप मध्येच झोपले, राखाडी झाले, उठवल्यावर परत हिरवे झाले. तक्ता एकदाही पांढरा पडला नाही. चार नंबरच्या टेबलाला सहा प्रश्न मिळाले, त्यातली चार उत्तरं बरोबर आली. तो मुलगा एप्रिलपासून हात वर करतो. फारसा नाही, पण करतो. आणि उत्तर देताना वाक्य जुळवायला वेळ घेतो तेव्हा मी पाटीकडे बघावं तशी दुसरीकडे बघते.

सासऱ्यांना पाडव्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी तो पेन्शनवाल्या मित्रांना दाखवला आणि आता त्या सगळ्यांचा असा समज आहे की मी अमेरिकेत संगणक दुरुस्त करते. मी तो मोडलेला नाही.

गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी डब्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि मग विचारलं, "बाई, मग आपल्या पोरांना खेळता येईल का तुमच्या पोरांशी?" तेव्हापासून तेच चाललंय. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचं अंतर. त्यांची शनिवारची सकाळची शाळा साडेसातला भरते, तेव्हा आपल्याकडे शुक्रवारचे रात्रीचे नऊ. तेवढं आपली मुलं जागू शकतात. पण तिकडचं नेट मोबाइलवरचं, इकडचं घरच्या राउटरमागचं, दोघांपैकी कोणाचंच दार बाहेरून थेट उघडत नाही. मध्ये एक तिसरा संगणक ठेवून दोघांनी त्याच्याशी जोडून घ्यावं लागेल. तो हाकेला ओ देत नसेल तर विंडोज नुसतं जोडायलाच वीसेक सेकंद थांबतं, म्हणजे जोडण्याचं कामही खिडकीवाल्याकडे देऊन चालणार नाही. मजकुराला समुद्र ओलांडून जायला-यायला वेळ लागेल तो वेगळाच, पण वेळ मोजायचं काम टेबलावरच्या लॅपटॉपकडे असल्यामुळे त्याची मला काळजी नाही.

शाळेत लॅपटॉप एकच आहे आणि मुलं एकोणतीस. गुरुजींनी विचारलंय, मुलांनी पाटी वर केली तर चालेल का. चालेल, म्हणून कळवलंय. पाटी वर झाली की बटण गुरुजींनी दाबायचं.